एका फोनवरच्या दोघी

प्रताप नगरातल्या आमच्या ऑफिसात मी डेटा साफ करते. म्हणजे नेमकं काय, असं नातेवाईक विचारतात. तांदूळ निवडते, असं सांगून मी मोकळी होते.

त्या वर्षी आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या याद्या आल्या. शिबिरं, लॅब, दवाखाने, प्रत्येकाचे रकाने वेगळे. कुणी वय लिहिलेलं, कुणी जन्मतारीख. त्या जोडून एक यादी झाली असती, तर दवाखान्यांना, औषधं पुरवणाऱ्यांना, संशोधकांना ती वापरता आली असती. डेटा म्हणजे सोनं, असं आमचे साहेब बैठकीत म्हणायचे. ते निवडताना डोळे माझे फुटत होते.

खरी डोकेदुखी बायकांच्या नावांची. माहेरचं एक, सासरचं दुसरं. लग्नात माझंही नाव बदललेलं, त्यामुळे बँकेत मी एक आणि गॅसच्या पुस्तकावर दुसरी. म्हणून मोठ्या शहाणपणानं मी प्रोग्रामला नियम घालून दिला. बाईचं नाव बघू नकोस. गाव, आडनाव, फोन आणि जन्मतारीख जुळली की ती एकच बाई समज आणि शेवटची नोंद ठेव. दुबार नोंदी भराभर गळाल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी दोन दिवस हवेत होते.

दीड महिन्यानं मौद्याकडच्या एका गावातून तिथल्या आशा कार्यकर्तीचा फोन आला. "मॅडम, यादीत एकच बाई काहून दिसून राहिली? इथं तर दोघी माह्यासमोर बसून आहेत."

सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. धाकटीला थोरलीच्या सोबतीनं एकाच दिवशी शाळेत घातलं होतं आणि गुरुजींनी दोघींना एकच जन्मतारीख, एक जून, देऊन टाकली होती. घरात फोनही एकच. माझ्या नियमानं दोघींची एक बाई केली आणि थोरलीचा चांगला रिपोर्ट तेवढा ठेवला. मी शिबिराचा मूळ कागद काढला. धाकटी सिकलसेलची वाहक होती. तिला पाचवा महिना लागला होता. नवराही वाहक निघाला, तर बाळाला आजार होण्याची भीती. आणि त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती, कारण यादीत धाकटी नव्हतीच.

साहेब म्हणाले, मेल टाका. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

अंगणात बसून मी दोघींना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. धाकटी माझ्याकडे बघत म्हणाली, "सुई तर मलेही टोचली होती मॅडम. मंग माहं रगत कुठं गेलं?"

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त घेतलं. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी नियम काढून टाकला, एकत्र केलेल्या सगळ्या जोड्या पुन्हा वेगळ्या केल्या आणि एकेका घरी फोन लावत बसले. यादी परत फुगली म्हणून साहेब चिडले. मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडले.

नवव्या दिवशी आशा कार्यकर्तीचा फोन आला. नवऱ्याच्या रक्तात दोष नव्हता. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. रडू आवरल्यावर विचारलं, धाकटी काय म्हणते?

"म्हणते, त्या मॅडमले सांगा, लेकरू झालं का त्याले तरी येगळं लिवा म्हणा."