टकटक अक्काचं रिव्हॉल्वर

वाजवून बघितल्याशिवाय आमची ही कुठलीच वस्तू घरात येऊ देत नसे. नारळ सगळेच वाजवतात. ही माठ वाजवायची, कपबशी वाजवायची, भिंतीला रंग द्यायच्या आधी भिंत वाजवायची. सुतारानं नवं दार बसवलं तर त्याच्यासमोरच बोटाचं पेर आपटून म्हणायची, "हे आत पोकळ आहे. माझ्याशी खोटं बोलू नका." छत्री घ्यायची तर दुकानातच वीस वेळा उघडून मिटायची. दुकानदाराचं तोंड कडू व्हायचं आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचो, ही माझी कोणी नव्हे असं दाखवत. म्हैसूरला आमच्या अग्रहार भागातल्या कन्नड शेजाऱ्यांनी तिचं नाव टकटक अक्का पाडलं. माझं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी टकटक अक्काचा नवरा.

तिला जाऊन सात महिने झाले. माणसं येतात, रडू येतं का म्हणून हळूच विचारतात. येतं. पण राग जास्त येतो. जाण्याआधी माझं रिव्हॉल्वर हिनं मादप्पाच्या बंदुकीच्या दुकानात ठेवायला लावलं, आणि तो मादप्पा ते मला परत देत नाही. लायसन माझं, पावती माझ्या नावाची, आणि सात महिने मी खेपा घालतोय. कुठं जाऊन डोकं फोडायचं सांगा.

मी सातवी नापास, तीही कन्नड शाळेत. घरात मराठी बोलायचो पण अक्षर येत नव्हतं. ही निपाणीची. मराठी लिहायला मला तिनं शिकवलं. तेव्हा इथं चुका दिसल्या तर तिला धरा.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. सोप्यात भिंतीवर तलवार होती, दसऱ्याला हळदकुंकू व्हायचं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात हिनं ती खाली उतरवली आणि उपसायला गेली. निघेना. मी ओढली, निघेना. "म्यानात गंजून बसलीय," ही म्हणाली. "ही तलवार नाही, काठी आहे." आणि हे सासऱ्यासमोर! वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच तेलाची बाटली आणून मुकाट्यानं तिच्यापुढं ठेवली.

मी एका कॉफीच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. कोडगूच्या मळ्यांवर मजुरांचा पगार पोचवायचा, रोकड गाडीत असायची. मालक म्हणाला, स्वतःचं लायसन काढ, स्वतःचं हत्यार घे, पगार वाढवतो. लायसन मिळायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी मनात हत्यार पक्कं करून ठेवलं होतं. मादप्पाच्या काचेच्या कपाटात एक परदेशी पिस्तूल होतं, कुणा जमीनदाराच्या मुलांनी विकायला ठेवलेलं. काळं, दणदणीत. हातात घेतलं की छाती आपोआप पुढं यायची. किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती, पण मी म्हटलं, घोडदळाचं रक्त आहे, बघू.

"मी पण येते," ही म्हणाली.

"अगं, बंदुकीच्या दुकानात बायका येत नाहीत."

"माठाच्या दुकानात तुम्ही येता ना? तुम्हाला तरी काय कळतं?"

गेलो. मादप्पा तेव्हा तरुण होता, मिशीला पीळ देऊन बसायचा. त्यानं पिस्तूल रिकामं असल्याचं उघडून दाखवलं आणि मखमलीवर ठेवलं. हिनं बोटाचं पेर काढलं आणि त्याच्यावर टकटक केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अय्यो, अक्का," मादप्पा म्हणाला, "हा नारळ नव्हे."

"ठाऊक आहे. मग ह्याचं काय ऐकायचं असतं ते तुम्ही सांगा."

मादप्पानं मिशीचा पीळ सोडला. नंतर मला म्हणाला, गिऱ्हाईक येतं ते गोळी किती लांब जाते एवढंच विचारतं, असा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. मग त्याला जोर चढला. हे इथं हलवून बघा, खुळखुळ नको. नळी उजेडाकडे धरून आतून बघा, खड्डे नकोत. चाप ओढून बघा, फार जड असला की ओढतानाच हात हलतो आणि नेम जातो. ही सगळं करत गेली, तोंडानं हूं हूं म्हणत. मी मागं उभा, माझंच लायसन हातात धरून.

"आणि गोळी फुसकी निघाली तर?" हिनं विचारलं.

"पिस्तुलाला वरचा भाग मागं ओढायचा, फुसकी बाहेर पडते, दुसरी आत जाते."

"दोन्ही हात लागतात?"

"लागतात की, अक्का."

"हे गाडी चालवतात. एक हात स्टिअरिंगवर असतो."

मादप्पानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग त्यानं खालच्या खणातून एक रिव्हॉल्वर काढलं. आपल्याच कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, सहा गोळ्यांचं, आखूड, रंग शेगडीसारखा. किंमत त्या पिस्तुलाच्या निम्म्याहून कमी. "ह्यात एक फुसकी निघाली तर काही करायचं नाही. परत चाप ओढायचा. चक्र फिरतं, दुसरी पुढं येते."

"हां," ही म्हणाली. तो हां मी ओळखत होतो. त्या हां नंतर आमच्या घरात काही बदलत नसे.

तरी मी हट्ट धरला. मग तिनं मला दुकानातच उभं केलं. रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरा, हात सरळ, मी शंभर म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही. तिनं अगदी सावकाश आकडे म्हटले, मुद्दाम. साठाला माझा खांदा जळायला लागला आणि सत्तरला पिस्तुलाचं तोंड मादप्पाच्या चपलांकडे होतं. रिव्हॉल्वर मी शंभरपर्यंत धरलं. मान्य करायला अजून जीवावर येतं, पण धरलं.

त्यावरही तिचं भागलं नाही. मादप्पाच्या ओळखीनं नेमबाजीच्या मैदानावर गेलो. ही स्टुलावर छत्री धरून बसली. पिस्तुलातली तिसरी गोळी आत अडकली ती निघता निघेना. ही काही बोलली नाही, फक्त छत्री दुसऱ्या हातात घेतली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं. मग रिव्हॉल्वरच्या पाच गोळ्या कागदावर मारल्या. ती उठली, डब्याचं झाकण काढून कागदावर ठेवलं. पाचही भोकं झाकली गेली. "झालं," म्हणाली. "ह्याहून जास्त कुणाला काय पाहिजे?" असं माझं हत्यार माझ्या बायकोनं घेतलं. मालकानं बघितलं आणि म्हणाला, हे काय, खेळण्यासारखं? मी काय सांगणार!

त्या दिवसापासून तिला एक वाक्य सापडलं. "एक फुसकं निघालं तर दुसरं पुढं यायला पाहिजे." घरात दोन छत्र्या, दोन गाळण्या, दोन दूधवाले. दाराची किल्ली दोन शेजाऱ्यांकडे. गॅसचे लायटर दोन, आणि काडेपेटी वेगळी. मी वैतागून विचारलं होतं, "नवरे पण दोन करायचे होतेस." म्हणाली, "एकच वाजवून घेतलाय. तुम्हाला कळलं नाही."

चौथ्या वर्षी हुणसूरच्या पुढं, जंगलाच्या रस्त्यावर, झाडाची फांदी आडवी टाकलेली. गाडी थांबवली तर दोघं जण कोयते घेऊन आले. मी उजव्या हातानं रिव्हॉल्वर काढलं, खिडकीतून आभाळाकडे धरलं, चाप ओढला. टक. फुसकी. त्यातला एक हसला. मला आजही ते हसू दिसतं. मी परत चाप ओढला. आवाज झाला तसे दोघं झाडीत.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, मिठी मारेल, देवाला साखर ठेवेल. ही म्हणते, "पहिली फुसकी का निघाली? गोळ्या कुठं ठेवल्या होत्या?" न्हाणीघराच्या भिंतीला लागून कपाट होतं, ओल धरायचं, त्यात. त्यावरून तासभर बोलणी खाल्ली. मरता मरता वाचलेल्या माणसाला! मग उठली. जवळ आली आणि बोटाच्या पेरानं माझ्या छातीवर टकटक केलं. "आहे," म्हणाली आणि भात लावायला गेली.

निवडणूक आली की लायसनवाल्यांना हत्यार जमा करावं लागतं. आम्ही मादप्पाकडे ठेवायचो. दर वेळी ही जुन्या सुती साडीच्या तुकड्यात ते बांधायची. गाठीवर गाठ, आणि शेवटी टोक आत खोचायचं. ती गाठ उघडताना माझी नखं तुटायची. गेल्या निवडणुकीला ही आजारी होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी गाठोडं बांधलं आणि ऑटोत बसली. दुकानात मला म्हणाली, "शहाळं आणा, घसा सुकलाय." मी आणायला गेलो. परत आलो तर दोघं गप्प बसलेली. माझ्या काही लक्षात आलं नाही. महिन्याभरात ती गेली.

मुलगा गावाबाहेर हूटगळ्ळीला राहतो, कारखान्यात आहे, नवीन घर बांधलंय. म्हणतो, "अप्पा, इकडे या. आणि ते रिव्हॉल्वर दुकानातच राहू द्या. घरात नको." का नको ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी सरळ सांगतो, आडपडदा मला येत नाही. पहिल्या महिन्यात मला ते रिव्हॉल्वर हवं होतं, ते चोरासाठी नव्हे. घरात दोन छत्र्या होत्या, दोन गाळण्या होत्या, आणि माणूस एकच उरलं होतं. दुसरं पुढं आलं नाही.

निवडणूक संपल्यावर गेलो. मादप्पा म्हणाला, "रावरे, स्प्रिंग मोडलीय. कानपूरहून मागवलीय." पुढच्या सोमवारी गेलो, यायचीय. त्याच्या पुढच्या सोमवारी, आली पण चुकीची आली. मी ओरडलो. त्यानं कॉफी मागवली. एकदा म्हणाला, पार्सल बेंगळूरात अडकलंय. मी म्हटलं, तू पण बेंगळूरात जाऊन अडक. त्यानं कॉफी मागवली. सोमवार आला की मी सकाळी दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो, आणि काय काय बोलायचं ते वाटेनं जुळवत जायचो. एका सोमवारी एक तरुण गिऱ्हाईक मोठं पिस्तूल बघत होतं. मादप्पा आत होता, म्हणून मीच त्याला म्हटलं, हात सरळ धर, मी शंभर म्हणतो. पासष्टला खाली आला.

परवाच्या सोमवारी मादप्पानं कशासाठी तरी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या फळीवर गाठोडं होतं. साडीचा तुकडा, हिरवा, बारीक चौकडीचा. गाठीवर गाठ आणि टोक आत खोचलेलं. तिच्या हातचं, जसंच्या तसं.

"मादप्पा," मी म्हटलं, "गाठ सोडली नाहीस. मग आतली स्प्रिंग मोडलेली तुला दिसली कुठून?"

त्याची मिशी आता पांढरी झालीय. तो खाली बसला.

"अक्का सांगून गेल्या, रावरे. तुम्ही शहाळं आणायला गेला होता तेव्हा. म्हणाल्या, 'मी गेले की हे लगेच मागायला येतील. देऊ नका. काहीतरी मोडलंय म्हणा. मोडकी वस्तू असली की ह्यांना भांडता येतं, आणि भांडण असलं की ह्यांना जेवण जातं.' "

 मेल्यावरसुद्धा ह्या बाईचा माझ्यावर विश्वास नाही! मला न विचारता, माझ्या पाठीमागं, माझ्याच हत्याराचं ठरवून गेली. मी म्हटलं, "आणि किती दिवस असं चालवायचं म्हणाली?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, 'दर खेपेला वाजवून बघत जा. आत पोकळ वाजतंय तोवर देऊ नका.' "

दुकानात पंखा फिरत होता. मी पुन्हा त्या गाठीकडे बघितलं. पावती माझ्या खिशात होती. ती त्याच्यापुढं ठेवली असती तर त्याला गाठोडं द्यावंच लागलं असतं.

"मग?" मी म्हटलं. "कसं वाजतंय?"

मादप्पानं चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं, काचेतली वस्तू बघावी तसं.

"अजून स्वल्प पोकळ आहे, रावरे."

मी काउंटरवर मूठ आपटली. "सोमवारी येतो. स्प्रिंग आलेली पाहिजे. एक दिवस जास्त ऐकून घेणार नाही."

"येईल की," मादप्पा म्हणाला. त्यानं कपाट बंद केलं, कुलूप लावलं, आणि ओढून बघितलं. दोनदा.