बटाईला दिलेलं शेत

"आधी बूट काढ."

काकांकडे काहीही घेऊन गेलं की हे पहिलं वाक्य. मुलगा नापास झालेला असो, प्रेमात पडलेला असो, की घरी भांडून आलेला असो. तो बूट काढायचा, पँट दुमडायचा, आणि काका त्याला गव्हाच्या एका ओळीशी बसवायचे. ओळ निंदून होईपर्यंत काय ते सांगून टाकायचं. ओळ संपली की विषय संपला. प्रेमात पडलेल्यांना ते जरा लांबची ओळ देत.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी तरुण मंडळाचा सभासद व्हायचं, तर एक रब्बी काकांच्या शेतात रविवारी राबायचं, हा नियम. मंडळाच्या घटनेत तो कुठेही नाही. मी सचिव आहे, शोधून पाहिला आहे. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी पुण्यात. शहराबाहेर, मुरारच्या पुढे त्यांचं थोडं शेत होतं. "पूर्वज दक्खनेतून तलवारी घेऊन आले आणि मी खुरपं घेऊन बसलो," असं ते नव्या मुलांना सांगत. तलवारींचं पुढे काय झालं, असं एकानं विचारलं. "माहीत नाही. खुरपं मात्र रोज सापडतं," काका म्हणाले.

नव्या मुलांकडून एक चूक हमखास व्हायची. गव्हात गुल्ली-डंडा नावाचं तण उगवतं, आणि कोवळं असताना ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. मुलं दुपारभर घाम गाळून गहू उपटत आणि तण ठेवत. काका बांधावरून पाहत राहायचे, मध्ये बोलायचे नाहीत. शेवटी जवळ येऊन म्हणायचे, "छान. तण एकदम सुरेख राखलंस." मग खाली बसून तणाचा बुडाशी लालसर असणारा दांडा दाखवायचे. पुढच्या रविवारी तोच मुलगा दुसऱ्याला शिकवत असायचा, आणि तेही चुकीचंच.

खोटं बोलणं त्यांना जमत नसे. आमच्या एका सभासदाचं लग्न ठरत होतं. मुलीच्या आईनं चौकशीला फोन केला. काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे. सकाळी उठत नाही." लग्न झालं. मुलगा अजून उठत नाही, पण बायकोला तक्रार करायला जागा राहिली नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना सगळं येतं आणि काही मागता येत नाही. काकांना एकच गोष्ट हवी होती. इतकी वर्षं मुलं शेतात राबवली, त्यातला एक तरी शेतकरी व्हावा. मुलं बँकेत लागली, शाळेत मास्तर झाली, एक तर मोठा अधिकारी झाला. दिवाळीला सगळे मिठाई घेऊन येत. काका डबे उघडत आणि म्हणत, "पीक उत्तम आलं. गेलं सगळं दुसऱ्याच्या खळ्यावर."

मग रोहित आला. शहरातल्याच हजीरा वस्तीतला मुलगा. आजोबा बिर्लानगरच्या मिलमध्ये होते, वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, आई लोकांचे कपडे शिवायची. हा पहिल्याच रविवारी गुल्ली-डंडा बरोबर उपटून मोकळा झाला. काका गोंधळलेच. त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं, ते वाया गेलं. रोहित मग रविवार सोडून इतर दिवशीही येऊ लागला. एक रब्बी झाली, दुसरी झाली. काका मला म्हणाले, "याला जमीन कळते." एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून सख्ख्या मुलीचंही ऐकलं नव्हतं. थाटीपुरात ते माझ्या घरावरून स्कूटरनं जात, तेव्हा त्या दिवसांत शिटी वाजवत.

गेल्या दिवाळीनंतर, पेरणीच्या तोंडावर, रोहितला रेल्वेचं पत्र आलं. नोकरी जबलपूरला. आम्ही तिघं शेतातच होतो. त्याला बूट काढायला सांगावं लागलं नाही. तो अनवाणीच होता.

"काका, माझं सिलेक्शन होऊन गेलं," तो म्हणाला. "पण मी नाही जात. घरचं काही ना काही होऊन जाईल. मला हेच करायचंय. तुम्ही फक्त हो बोला."

ज्या गोष्टीसाठी काका जन्मभर थांबले होते, ती समोर चिखलाच्या पायांनी उभी होती. त्यांनी मातीचं एक ढेकूळ उचललं, हातात फोडलं.

"शेत बटाईला दिलंय," ते म्हणाले. "या पेरणीपासून. शेजारच्या गजराजला."

"मला सांगितलं पण नाही?"

"तुला कशाला सांगू? तू काय घरचा आहेस?"

रोहितनं पाय धुतले, बूट घातले आणि गेला. काकांना नमस्कारही केला नाही. शेत बटाईला दिलेलं नाही हे मला माहीत होतं. गजराज वर्षानुवर्षं मागत होता आणि काका नाही म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात.

"चल, गजराजकडे जायचंय."

"कशाला?"

"शेत बटाईला द्यायला. काल बोललोय मी."

"अहो, तो चालला जबलपूरला. बघायला कोण येतंय?"

"मी आहे ना बघायला."

गजराजचा विश्वास बसेना. "बाऊजी, तबियत तो ठीक है?"

"तबियत ठीक है. खेत ले लो."

अर्धं पीक त्याचं, राबणं सगळं त्याचं. चहा पिण्याआधी व्यवहार झाला. येताना काका म्हणाले, "रोहितला यातलं काही सांगायचं नाही. शब्द दे."

"तो रागावून गेलाय, काका."

"रागावला म्हणून तर चाललाय. नाहीतर त्याची आई शिवतच बसली असती."

मी शब्द दिला. मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा येतो. बाकी बराचसा वेळ आठवणच येते.

त्या हिवाळ्यात ते रविवारी शेतावर जायचे आणि बांधावर उभे राहायचे. आत उतरत नसत. एकदा खुरपं हातात घेऊन माझ्यासमोर गजराजला म्हणाले, "भैया, थोड़ी निराई कर लूँ?" गजराज बिचारा खजील झाला. "बाऊजी, खेत तो आपका ही है." काका म्हणाले, "इस साल तुम्हारा है," आणि परवानगी मिळेपर्यंत थांबले. मंडळाच्या मुलांचे रविवार त्यांनी बंद केले. दुसऱ्याच्या शेतात मुलं कशी पाठवायची, म्हणाले.

गहू पिवळा पडू लागला तेव्हा काका गेले. झोपेतच. कापणी पुढे गजराजनं केली, आणि अर्धा गहू पोत्यांत भरून बंद घराच्या ओसरीत नेऊन ठेवला.

तेराव्याला रोहित आला. संध्याकाळी माझ्याकडे चहाला थांबला. अंगानं भरला होता. आईनं शिवणकाम सोडलं, असं म्हणाला. मग कपाकडे पाहत बसला.

"दादा, राग नाही राहिला आता. पण एक गोष्ट लागली ती लागलीच. दोन वर्षं मी त्यांना घरचं समजत होतो. इतना तो बनता था ना, की आधी मला सांगतील?"

दिलेला शब्द पाळणं काकांना जमायचं. माझा तेवढा सराव नाही. मी सगळं सांगितलं. गजराजकडे कोणत्या सकाळी गेलो, तेही.

रोहितनं कप तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली.

"म्हणजे मी हवा होतो त्यांना," तो म्हणाला.

"हो रे," मी म्हणालो. "तूच हवा होतास."