गुणाबाईची बेरीज

माझी थोरली जाऊ गुणाबाई हिशेबाला पक्की. बहात्तरच्या दुष्काळात तिची शाळा नववीतच सुटली आणि हातात खडी फोडायची हातोडी आली. मग लग्न, पोरं, वावर. पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला आणि देवणीजवळच्या आमच्या गावाला बालवाडी मंजूर झाली. तिथं दहावी पास बाई हवी म्हटल्यावर ही पेटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं.

अभ्यास मात्र तिनं शेतकऱ्याच्या डोक्यानं केला. इंग्रजीला हातच लावला नाही. मी टोकलं तर म्हणाली, "एक वावर पडीक राहिलं तर बाकीच्यातून भरून निघतंय की!" सासरे शेषेराव यांनी मान डोलावली. घरात सगळेच शेतकरी, कोणाला खटकणार?

निकाल लागला. मराठीत एकाहत्तर, गणितात गावात कुणाला नसतील एवढे, इंग्रजीत बावीस. शेरा, नापास! गावातल्याच दगडोबांची केवळा सगळ्या विषयांत पस्तीस-छत्तीस मिळवून काठावर पास झाली आणि बालवाडी तिला मिळाली. माझं तर डोकंच फिरलं. गुणाबाई तडक हायस्कूलच्या गुरुजींकडे गेली.

"बेरीज तर माजीच लई हाय की, गुर्जी!"

"बेरजेवर पास करत नाहीत, बाई. दर विषयात पस्तीस लागतात. एकातले दुसऱ्यात घालता येत नाहीत." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "निघालेले विषय पुन्हा द्यायचे नाहीत. ऑक्टोबरला एकटं इंग्रजी काढा."

ती रडत बसली नाही. चुलीपुढं स्पेलिंगं, धुणं आपटताना कविता. आमची म्हैससुद्धा इंग्रजीला कंटाळली असेल. ऑक्टोबरला छत्तीस मिळाले.

तोवर शेजारच्या गावातही बालवाडी निघाली. मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले. साहेबांनी गुणपत्रक बघून नाक मुरडलं. "बाकी ठीक आहे. इंग्रजीतच एवढे कमी?"

मला असा राग आला! पण गुणाबाई हसली.

"कमी कशानं, साहेब? मराठीचे एकाहत्तर घिऊन मी घरीच बसले व्हते. हितवर आणलं ते ह्या छत्तिसांनी."

साहेबांना हसू आवरेना. सोमवारपासून या, म्हणाले.