तांबटाचे कान

तांबं ठोकता ठोकता हट्टी होत जातं. सुरुवातीचा बसका आवाज हळूहळू चढतो. तो एका टोकाला पोचला की हात थांबवायचा, भांडं भट्टीत घालून पुन्हा मऊ करायचं. तेवढं चुकलं की पुढे चीर ठरलेली. हे डोळ्यांना दिसत नाही, कानांनाच कळतं.

आणि तांबटाचे कान गेले होते. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी ते खाल्ले. त्याच्याशी भांडायचं तर कागदावर लिहून न्यावं लागतं, असं गल्लीत म्हणत; बायकोचे ओठ तेवढे त्याला वाचता येत. स्टीलच्या राज्यात भांडायला तरी कोण फिरकत होतं!

मग दिवस पालटले. लोकांना जुनी भांडी पुन्हा हवीशी झाली. नव्या दुकानाच्या मालकिणीने काम कागदावरच लिहून पाठवलं: नमुन्याला आठ तपेल्या, उतरल्या तर वर्षभराचं काम. तांबटाने कानांबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याने बायकोला समोर बसवलं. आवाज चढला की तिने हात वर करायचा. सगळा संसार याच खोलीत झालेला, तिला ते झोपेतही कळलं असतं. ती हात वर करायची, तो थांबायचा. आठही तपेल्या लखलखीत उतरल्या.

पंधरा दिवसांनी मालकीण खोकं घेऊन आली. तपेल्यांची बुडं काळवंडली होती, प्रत्येकीच्या काठाखाली केसासारखी चीर. ती खाली बघत बराच वेळ बोलली. तांबट बायकोकडे बघून मान हलवत राहिला, बायको त्याच्याकडे बघून. मालकीण तपेल्या ठेवून गेली.

"काय म्हणाली गं?"

बायको त्याच्या ओठांकडे बघत होती. "तुम्हाला कळलं ना?"

"मला कसं कळणार? कान तुझे."

तिने पदर बोटाला गुंडाळला. "तुमचा हात दमलेला दिसला की वर करायचे मी."

कान कधीपासून गेले, हे त्याला दोनदा विचारावं लागलं. पहिल्यांदा तिची मान खाली होती.

"झाली पाचेक वर्षं. हे काम आलं तेव्हा तुम्ही इतके खुशीत होता, जीभच रेटेना."

मालकीण पुन्हा करा म्हणाली की नको म्हणाली, त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. करा म्हणाली असली, तरी तांब्याचं ऐकणार कोण? त्याने चिमट्याने निखारे एकेक करून बाहेर ओढले आणि वर पाणी ओतलं. वाफ उठली. विझताना ते चरचरले असतील.