डाव्या फांदीत अडकलेला जीव

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे 'तपासनीस' म्हणत, आणि तेही कौतुकानं नव्हे. हाताखालच्या माणसानं केलेलं काम स्वतः पहिल्यापासून पुन्हा केल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. कंटाळून एकेक जण निघून गेला आणि टीममध्ये उरले एकटे तपासनीस. आज माणूस मिळाला नाही तर शेजारच्या टीममध्ये जाऊन बसा, असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं. तिथली प्रमुख एके काळी यांच्याच हाताखाली रडकुंडीला आलेली. 

मुलाखतीला एक बाई आल्या. मुलं मोठी झाल्यावर त्या पुन्हा नोकरी शोधत होत्या. तपासनीसांनी ठेवणीतला प्रश्न काढला. बायनरी ट्री, म्हणजे प्रत्येक गाठीला फार तर दोन फांद्या फुटणारं झाड. त्याची उंची रिकर्शननं, म्हणजे फंक्शन या प्रोग्रामच्या तुकड्याला स्वतःलाच पुन्हा बोलवायला लावून, काढा. बाईंनी फळ्यावर मोजक्या ओळी लिहिल्या. झाड रिकामं असेल तर उंची शून्य. नाहीतर डाव्या फांदीची उंची याच फंक्शनला विचारायची, उजवीचीही त्यालाच, आणि जी मोठी असेल तिच्यात एक मिळवायचा.

उत्तर बिनचूक होतं. शहाणा माणूस इथेच हात मिळवून मोकळा झाला असता. आमच्या गृहस्थांचा जीव मात्र डाव्या फांदीत अडकला. आत काय होतं ते दाखवा, म्हणाले. बाईंनी दाखवलं. मग त्याच्या आत? तेही दाखवलं. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. आता उजवी बाजू घ्या म्हटल्यावर बाईंनी मार्कर खाली ठेवला.

"सर, खालच्यावर विश्वास टाकला की वरच्याला फक्त एक मिळवायचा असतो. पटत नाही का तुम्हाला?"

"पटतं हो. पण बघितलेलं बरं."

"मग माझंही काम तुम्हीच कराल. मी कशाला हवी?" एवढं बोलून बाई पर्स उचलून चालत्या झाल्या.

पुढच्याच आठवड्यात तपासनीस शेजारच्या टीममध्ये. पहिलं काम घेऊन प्रमुखकडे गेले, तर तिनं न उघडताच ते पुढे पाठवून दिलं. गृहस्थ जागचे हलेनात.

"एकदा नजर तरी टाका ना," ते म्हणाले.

"तुम्ही केलंय ना? मग झालं."

इतका विश्वास त्यांच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता, आणि या माणसाला तो अपमान वाटला. तोंड पाडून ते जागेवर आले आणि तेच काम पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला बसले.