कॅनडावाल्याचा पाया

आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारती कमी आणि किस्सेच जास्त उभे राहतात! गोंदियातल्या आमच्या ऑफिसात यंदाचे सगळे किस्से एकाच कामाचे. सालेकशाकडची शंभर वर्षांची शाळा. नकाशा कॅनडातल्या कुण्या आर्किटेक्टचा. तो म्हणे इकडे कधी फिरकलाच नाही, टपालाने नकाशा पाठवून मोकळा झाला.

शाळा चालू ठेवायला ‘इमारत सुरक्षित आहे’ असा दाखला हवा होता. आमचे बिसेन सर मला म्हणाले, “सही तू कर.” इंजिनियर म्हणून माझी पहिलीच सही, आणि त्या छपराखाली साठ पोरं!

*

छपराला उतार एवढा, की वर बर्फ टिकू नये. सरपंच म्हणाले, “सालेकशात बर्फ काऊन पडंल जी?”

सर गंभीरपणे म्हणाले, “पडला तर टेन्शन नाही ना!”

*

वर्गात शेकोटीची जागासुद्धा आहे. मुख्याध्यापिका टेंभरे बाई तिथे खडूची खोकी ठेवतात. “आग कायले पायजे? एप्रिल फुकटात पेटवून जाते!”

*

भिंतीत एक भेग होती. ती वाढते का पाहायला मी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली की काच तडकते. आठ दिवसांनी गेले, तर काच गायब! मी खाली तुकडे शोधू लागले.

टेंभरे बाई हसत म्हणाल्या, “इन्स्पेक्शन होतं ना मॅडम, काढून भिंत पुसून घेतली!”

दुसरी पट्टी लावली. ती महिनाभर शाबूत राहिली, पण माझी झोप नाही.

*

राहिला पाया. कॅनडात जमीन गोठते, म्हणून नकाशात पाच फूट खोल. सर म्हणाले, “कागदावर पाच म्हणजे जागेवर अडीच. एवढा मुरूम कोण फोडतो?” अडीचच निघाला असता तर बाकी बांधकामावरही भरवसा उरला नसता, मी सही करणार नव्हते, आणि शाळेला कुलूप लागलं असतं.

गावातले रामदासकाका भिंतीलगत खोदत होते. अडीच फूट झाले, दगडी पाया खाली जातोच आहे. तीन. चार. मी टेप घेऊन खड्ड्यात उतरले. पाचला तळ लागला! मी खड्ड्यातच कागद मागवला आणि सही केली.

काका म्हणाले, “माह्या आज्याच्या बापानं खोदला होता हा. कागदावर पाच लिवून होते. सायब येऊन मोजन तं? म्हणून पुरे पाच खोदले.”

“मग आला का साहेब मोजायला?”

काकांनी आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमीच आल्या ना जी!”