दुपट्ट्याखालची चार बोटं

बसा. चहा होतोय, तोवर माझी फजिती ऐकून घ्या. दुसऱ्याकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा मीच सांगतो. हसू आलं तर हसा. फक्त माझ्या बायकोकडं, गोदाकडं पाहून हसू नका. तिला चेव येतो.

मी चौथी शिकलो. पण अंजनगाव सुर्जीच्या बाजारात पन्नास वर्षं बैल विकले, आणि विकलेला एकही बैल कोणी परत आणला नाही. हे आधी सांगतो, म्हणजे माझ्या मानेत एवढा ताठा कुठून आला ते कळेल.

झालं असं, की अकोल्यातलं घर विकायचं ठरलं. बैलवाल्याचं घर. खाली गोठा आणि कडब्याची खोली, राहणं वरच्या मजल्यावर. गोठा दहा वर्षांपासून रिकामा आणि गोदाचे गुडघे गेलेले. दर पायरीवर बसायची, मग पुढची चढायची. आमची मुलगी वंदना अमरावतीला राहते. तिच्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. मालक म्हणाला, दोन महिने थांबतो, मग दुसऱ्याला देतो. म्हणजे दोन महिन्यांत आमचं घर गेलं तर गोदाचा जिना सुटणार. नाही गेलं तर जिना आणि गोदा, दोघंही तिथंच.

वंदना फोनवर म्हणाली, "बाबा, एखादा चांगला एजंट पाहा. गिऱ्हाईक, कागद, सारं तेच पाह्यतात."

"घर माहं. घेणारा समोर. मधात तिसरा काहून पाह्यजे?"

"तुमाले घराचे भाव तरी मालूम आहेत काय?"

"पन्नास वर्षं भावच केले म्या."

फोन ठेवून दिला.

आता बैलबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. चार कान ऐकतात आणि सौदा नासतो. खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटं धरायची. एक धरलं तर एक, चार धरली तर चार, अख्खा पंजा दाबला तर पाच. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गोष्टी. सकाळी सकाळी चिंचेखाली घुंगरमाळा वाजायच्या. शिंगांना ताजा हिंगूळ. भज्यांच्या कढईचा धूर बैलांच्या पाठीवरून सरकत यायचा. शेजारी आमचा कासमभाई दलाल, तोंडात पान, डोळे अर्धे मिटलेले. झोपला आहे की हिशेब करतो आहे, कोणाला कळायचं नाही. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता बाजारही तसा राहिला नाही. ट्रॅक्टरचे दात कोण पाहणार?

तर पहिलं गिऱ्हाईक आलं ते साठे साहेब. बँकेत नोकरी, पुण्याकडून बदलून आलेले. सोबत बायको. घर हिंडून पाहिलं. बाई म्हणाल्या, "गोठ्यात आपली गाडी छान लागेल." तिथं माझी सर्जा-राजाची बैलजोडी बांधलेली असायची. पण मी हसून मान हलवली. गिऱ्हाईकासमोर तोंड पाडायचं नसतं.

साठे म्हणाले, "काका, घर आवडलं. तुमची अपेक्षा काय आहे?"

शेजारचे वामनराव त्यांच्या ओट्यावर दात घासत होते. सकाळपासून तिसऱ्यांदा. म्हणजे कान इकडंच. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, साठ्यांचा हात धरला, त्यावर दुपट्टा टाकला आणि त्यांची चार बोटं घट्ट दाबली. तोंडानं म्हणालो, "औंदा ऊन लय तापून राह्यलं, नाही काय?"

चार म्हणजे किती, ते मी सांगणार नाही. दुपट्ट्याखालचा आकडा बाहेर काढायचा नसतो.

साठ्यांनी एकदा दुपट्ट्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग काय केलं असेल? माझा अख्खा पंजा धरला आणि मायेनं दाबला.

पाच!

पन्नास वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. चार मागितले, गड्यानं पाच दिले. मी लगेच विचारलं, "पक्कं?"

"अगदी मनापासून, काका. तुम्ही काही काळजी करू नका."

झाला सौदा. गोदाला म्हणालो, "सामान बांध."

"साहेब किती म्हणले?"

"मागतले त्याहून जास्त."

"त्यायच्या तोंडून तं काई ऐकू नाही आलं मले."

"तुले बाजार समजत नाही."

वंदनाला कळवलं, मालकाला हो म्हण. दोन दिवसांनी तेल्हाऱ्याचा एक कापसाचा व्यापारी घर पाहायला आला. त्याला दारातूनच परत लावला. घर गेलं म्हणून सांगितलं. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये आमची झोक्याची बंगई मावणार नव्हती, ती वामनरावांना देऊन टाकली. त्यांनी जाता जाता दिवाणही नेला. आम्ही सतरंजीवर आलो. गोदाला खाली बसलं की उठता येईना. मी हात द्यायचो आणि सांगायचो, "आता थोडेच दिवस."

साठ्यांचा पत्ता नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना उलटला. फोन करावा तर बाजाराची रीत आडवी. सौदा झाला की घेणाऱ्यानं दावं घेऊन बैल न्यायला यायचं. विकणाऱ्यानं मागं धावायचं नसतं. धावलं तर लोक म्हणतात, बैलात खोड आहे.

वामनराव आमच्याच बंगईवर झोके घेत विचारायचे, "काय हो, आले काय तुमचे साहेब?"

शेवटी मी बँकेत गेलो. भर गर्दी. साठे काचेमागं बसलेले. मी म्हणालो, "साहेब, दावं घेऊन कधी येता?"

"कसलं दावं, काका?"

"घराचा सौदा झाला ना आपला."

ते उभेच राहिले. "सौदा? अहो, तुम्ही किंमतच सांगितली नाहीत. मी महिनाभर तुमच्या फोनची वाट पाहिली. शेवटी आम्ही दुसरं घर बघायला लागलो."

"सांगतली ना. हातात." मी तिथंच दुपट्टा काढून त्यांचा हात धरला. बंदूकवाला चौकीदार दोन पावलं पुढं आला.

साठे हळू आवाजात म्हणाले, "काका, मला वाटलं, घर सोडायचं म्हणून तुम्हाला गहिवरून आलं. रडू दिसू नये म्हणून तुम्ही दुपट्टा टाकलात. म्हणून मी हात दाबला."

मला गहिवर? बाकावरच्या एका बाईनं मला बसायला जागा दिली. तेवढं मात्र मी अजून विसरलो नाही.

घरी येऊन मी स्वतः वंदनाला फोन केला. म्हणालो, "पाठव तुह्या एजंटले."

दुसऱ्या दिवशी मीनाताई आल्या. तोंडाला स्कार्फ, स्कूटी, बगलेत जाडजूड फाइल. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, मंजूर नकाशा कुठी आहे?"

"घर समोर उभं आहे. नकाशा काहाले?"

"घेणाऱ्याले कर्ज लागते. बँक कर्ज देते ते घर पाहून नाही, कागद पाहून."

नकाशा पेटीच्या तळाशी सापडला, सर्जाच्या झुलीत गुंडाळलेला. मीनाताईंनी झुलीची नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि नकाशा फाइलीत लावला. मग विचारलं, "साठे साहेबायले भाव किती सांगतला?"

"तो आकडा बाहेर सांगत नसतात."

"मंग बोटं दाखवा."

मी चार दाखवली.

"या गल्लीत मागच्या साली दोन घरं विकल्या गेले. त्यायच्या खरेदीचे आकडे आहेत मायाजवळ. तुमी एक बोट कमी मागतलं."

मी बोटं मुठीत घेतली. गोदा सतरंजीवरून हसत होती.

चार दिवसांनी मीनाताईंनी साठ्यांना पुन्हा बोलावलं. त्याआधी घर झाडून घेतलं, खिडक्या उघडल्या, जिन्याचा दिवा बदलला. मला म्हणाल्या, "काका, तुमी फक्त नमस्कार करा. आन् दुपट्टा घरात ठिवा."

साठे खोलीच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये मीनाताई. साठ्यांकडं वाकून काही बोलल्या, मग माझ्याकडं वाकून. परत तिकडं. मधेच साठ्यांच्या बायकोला अकोल्याच्या उन्हाचं विचारलं, परत इकडं. चेहऱ्यावर काही नाही, डोळे अर्धे मिटलेले. तासाभरात ठरलं. पाच. इसार त्याच दिवशी झाला आणि अमरावतीच्या मालकाला दिलेल्या मुदतीत नऊ दिवस उरले होते.

सगळे गेल्यावर मी गोदाला म्हणालो, "बाई हुशार आहे. पण मधात बसून इकडं-तिकडं वाकणं, हे म्या कुठं तरी पाह्यलं आहे."

गोदा म्हणाली, "कासमभाई असाच बसे ना."

"हाव. तसाच."

"मंग मले एक सांगा. बाजारात घेणाऱ्याचा हात कधी तुमच्या हातात होता काय?"

मी आठवू लागलो. चिंचेखालचा एकेक सौदा डोळ्यांसमोर आणला. माझी बोटं कासमभाईच्या उजव्या हातात. घेणाऱ्याची बोटं त्याच्या डाव्या हातात. भाव तो काढायचा, तो तोडायचा, तो जुळवायचा. पान थुंकून म्हणायचा, "भाऊ, झालं." मग मी मिशीवर हात फिरवायचो.

किल्ली देताना साठ्यांनी पुन्हा माझा हात दाबला. गोठ्याच्या दारातच उभे होतो. या खेपेला किती बोटं, ते मी मोजलं नाही.

आता गोदा तळमजल्यावर राहते आणि दिवसातून चार वेळा उगाच बाहेर जाऊन येते. कोणी आलं की विचारते, "यायनं पन्नास वर्षं बैल विकले, सांगतलं काय तुमाले?" म्हणून मी आता खरं ते सांगून टाकतो. पन्नास वर्षं सौदे कासमभाईनं केले. हात त्याचे, डोकं त्याचं. माझा फक्त दुपट्टा होता.

तोही गोदा धुऊन द्यायची.